दर्भाचा आहे

“आला नाही म्हणजे येत नाही,” गौरांग म्हणाला आणि त्याने पुढची स्लाइड लावली. इतकंच. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सातपूरच्या आमच्या ऑफिसातल्या काचेच्या खोलीत गुरुवारच्या मीटिंगला जी काय सात-आठ माणसं होती ती आपापल्या लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसली होती, एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटपत होतं, आणि माझा हात चहाच्या कपाकडे जाता जाता मध्येच थांबला. कारण हेच वाक्य, याच सुरात, वाद मिटवून टाकणाऱ्या याच सपाट सुरात, मी आधी एकदा ऐकलं होतं. रामकुंडावर, आईच्या दहाव्याला. तेव्हा ते गोदाआत्या म्हणाली होती, कावळ्याबद्दल. गौरांग म्हणत होता ते औषधाच्या एका रेणूबद्दल. दोन्ही वेळा समोर मीच होते. फरक एवढाच की रामकुंडावर मी गप्प बसले होते. इथे माझ्या तोंडून निघून गेलं, “कशावरून?” गौरांगने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, यशश्री, आपण नंतर बोलू. तो आमचा साहेब. माझ्यापेक्षा वयाने लहान, हुशार, बाहेरून शिकून आलेला, आणि वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. वाईट असता तर फार सोपं झालं असतं.

माझं काम काय हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या येतात. आमच्याकडे नळी एकच, ती बेसिनची. बाकी सगळी हिशेबाची यंत्रं, म्हणजे संगणक, एका थंड खोलीत रात्रंदिवस घूं घूं करणारी. क्षयाच्या जंतूच्या अंगात एक प्रथिन असतं, त्याला एक खोबण असते, आणि औषधाचा रेणू त्या खोबणीत जाऊन बसला की जंतूचं काम अडतं. जोवर बसलाय तोवर अडतं. उठला की संपलं. तर तो किती वेळ बसतो, हा प्रश्न. आम्ही काय करतो, त्या प्रथिनाचा एकेक अणू, त्या रेणूचा एकेक अणू, भोवतालच्या पाण्याचा एकेक अणू, सगळे यंत्रात मांडतो. कोण कुणाला ओढतोय, कोण कुणाला ढकलतोय याचा हिशेब करतो, मग सगळ्यांना डोळ्याला दिसणार नाही इतकंसं सरकवतो आणि पुन्हा पहिल्यापासून हिशेब. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा. त्यातला एक तुकडा पुढे जायला आमच्या यंत्रांना तीन आठवडे लागतात. अख्खा पावसाळा ती यंत्रं चालवून आम्ही असे पाच तुकडे बघितले. एक पुरा सेकंद बघायचा म्हटलं तर पन्नास हजार वर्षांच्या वर लागतील, आणि हे औषध माणसाच्या शरीरात तासन् तास टिकायचं आहे. हे मी पहिल्यांदा माझ्या वडिलांना, अण्णांना, सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, म्हणजे तुमचं आमच्यासारखंच आहे की, ब्रह्मदेवाचा एक दिवस आणि माणसाचं काय ते. मला तेव्हा राग आला होता. माझं काम आणि अण्णांची भिक्षुकी एका ओळीत बसवलेली मला कधीच खपली नाही.

तर त्या पाच तुकड्यांत रेणू खोबणीतून बाहेर आला नाही. हलला. कूस बदलली. एकदा तर त्याने अर्धं अंग बाहेर काढलं, पाण्याचे दोन कण त्याच्या मागे शिरले, आणि मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. मग तो पुन्हा आत गेला. मी अहवालात लिहिलं, ‘आम्ही पाहिले तेवढ्या काळात रेणू बाहेर पडलेला नाही. तो बाहेर पडत नाही, असे आम्ही म्हणत नाही.’ दोन वाक्यं. त्यातलं दुसरं गौरांगने काढून टाकलं आणि पहिल्याचं करून ठेवलं, ‘रेणू खोबणीतून बाहेर पडत नाही.’ शिवाय आणखी एक. एवढी वाट बघणं परवडत नाही म्हणून आमच्यात एक युक्ती करतात, रेणूला एक दोरी बांधायची आणि ओढायचं. खरी दोरी नव्हे, हिशेबात घातलेला ओढा. किती जोर लावल्यावर सुटतो त्यावरून अंदाज बांधायचा. मीही बांधली होती. यात गैर काही नाही, सगळे बांधतात, फक्त दोरी बांधली होती असं लिहायचं असतं. मी लिहिलं होतं. गौरांगने ओढल्याचा आलेख ठेवला आणि दोरीची ओळ काढली. मीटिंगनंतर त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने. मुंबईची कंपनी आहे, त्यांच्याकडे दोन रेणू आहेत, आपला आणि दुसऱ्या कुणाचा तरी. त्यांना उत्तर हवंय. ‘आम्हाला माहीत नाही’ हे ऐकायला कुणी पैसे देत नाही. हिशेब तुमचा आहे, नाव तुमचं जाणार, तेव्हा तुमचा होकार पाहिजे. सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवा. मी म्हटलं, सोमवारी माझी रजा आहे, घरी आईची नवमी आहे. तो म्हणाला, मग फोनवर कळवा, एक ‘ओके’ तर टाकायचाय.

त्र्यंबक रोडने घरी येताना कुंभासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावर माझी स्कूटर दणके खात होती आणि माझ्या डोक्यात ते वाक्य. आला नाही म्हणजे येत नाही. अहो, तुम्ही पाहिलं किती वेळ? स्टेशनात डोकावून, गाडी दिसली नाही म्हणून बाहेर येऊन सांगायचं की मनमाडला गाड्या थांबत नाहीत, त्यातला प्रकार. आणि हे औषध जर पटकन सुटणारं निघालं तर? पेठ-सुरगाण्याकडची माणसं महिनोन् महिने गोळ्या गिळत बसतील, यकृत खराब करून घेतील, आणि जंतू आतल्या आत शहाणा होत जाईल. गौरांग म्हणाला होता, त्याच्या आधी उंदरांवर होईल, मग अजून तपासण्या होतील, कुठेतरी कळेलच. कुठेतरी कळेल म्हणून मी इथे खोटं लिहायचं. वा. प्रत्येक जण पुढच्यावर ढकलणार आणि शेवटी तपासणार कोण, तर पेठचा तो खोकणारा माणूस. सिग्नलला थांबले तेव्हा बाजूच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे चमकून पाहिलं. मी मोठ्याने बोलत असणार. मुंबई नाक्याला मी इंदिरानगरकडे वळायच्या ऐवजी सरळ गेले, कारण नसताना, आणि पार पंचवटीत जाऊन गाडी उभी केली.

घाटावर फारसं कुणी नव्हतं. पायऱ्यांचं काम काढलेलं, निळे पत्रे लावलेले, पाणी गढूळ. माझं अर्धं लहानपण या पायऱ्यांवर गेलं. अण्णा रामकुंडावर अंत्यविधीचं, दहाव्याचं, तेराव्याचं सगळं करायचे, त्यांचे वडील करायचे, त्यांच्याही आधीचे करायचे. शाळा सुटली की आई माझ्या हातात त्यांचा डबा द्यायची. मी डबा घेऊन बसायची आणि ते ‘एवढं झालं की आलो’ म्हणायचे, आणि ते एवढं कधी होईल ते कावळ्याच्या हातात. भाताचे पिंड मांडलेले असायचे, ओलेत्या धोतरातला मुलगा हात जोडून उभा, मागे सगळे नातेवाईक, आणि सगळ्यांच्या माना वर. कावळा खाली उतरून पिंडाला शिवला की माणूस सुटला. नाही शिवला की मग सुरू व्हायचं. काहीतरी राहिलंय. बोला, काय राहिलंय. मग कुणी म्हणायचं, धाकटीचं शिक्षण करू. कुणी म्हणायचं, भावांत वाटण्या नीट करू. कुणी म्हणायचं, आईला वाऱ्यावर सोडणार नाही. प्रत्येक कबुलीनंतर सगळे पिंपळाकडे बघायचे. माझा डबा गार व्हायचा. आणि फारच झालं, पुढचे यजमान पायरीवर ताटकळायला लागले, की दर्भाच्या काड्या वळून त्याचा कावळा करायचा आणि तो पिंडाला लावायचा. तशी सोय आहे. शास्त्रातच आहे.

बाकीचे गुरुजी हे काम उपरण्याआड पटकन उरकायचे. मंत्र चालू, हात चालू, कुणाला कळायच्या आत कावळा शिवलेला. लोकही बरं वाटून घ्यायचे. अण्णांचं तसं नव्हतं. ते तो दर्भाचा कावळा दोन बोटांत धरून वर करायचे, सगळ्यांना दिसेल असा, आणि खणखणीत आवाजात सांगायचे, “हा दर्भाचा आहे. कावळा आलेला नाही.” आणि मग लावायचे. समोरच्यांची तोंडं पडायची. एकदा सिन्नरच्या एका बाईने त्यांना तिथेच विचारलं होतं, गुरुजी, एवढं ओरडून सांगायची काय गरज होती. अण्णांनी पुढचा मंत्र घेतला. यजमान तुटायचे. शेजारच्या घाटावरची मुलं त्यांना ओरड्या भट म्हणायची, आणि मला ओरड्याची पोरगी. मला लाज वाटायची, त्यांचीही आणि त्या काड्यांचीही. मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं की मी असं काही शिकेन जिथे आला म्हणजे आला आणि नाही म्हणजे नाही, काड्या बिड्या वळायची सोयच नको. म्हणून रसायनशास्त्र. म्हणून पुण्याला. आणि म्हणून चाळिशी उलटल्यावर सातपूरच्या थंड खोलीत मी एका रेणूला दोरी बांधून ओढत बसले होते. हसू आलं मला तिथे पायरीवर. कडू हसू.

आईच्या दहाव्याला अण्णा पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांना मुलगा नाही, म्हणून करणारे तेच. ओलं धोतर, उघडं अंग, थंडीचे दिवस, त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. मंत्र सांगायला त्यांचेच एक भाऊबंद गुरुजी. पिंड मांडले आणि आम्ही सगळे उभे राहिलो. कावळे होते. पिंपळावर दोन, भिंतीवर एक. नुसते बसले होते. कुणी म्हणालं, अण्णांना सांभाळू. मी म्हणाले, हो, सांभाळेन, ते मी तसंही करणारच होते. कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, तिच्या बांगड्या भाचीला देऊ. दिल्या. नाही. मग गोदाआत्या, अण्णांची धाकटी बहीण, माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, यशू, म्हण, लग्न करेन. वहिनीचा जीव त्यातच अडकलाय. सगळ्यांच्या माना पिंपळावरून निघून माझ्यावर आल्या. मला लग्न करायचं नव्हतं. आईला ते माहीत होतं, आम्ही त्यावर भांडून, रडून, शेवटी हसून मोकळ्या झालो होतो, तिच्या शेवटच्या आजारपणाच्या खूप आधी. आईने मला सांगितलं होतं, नको करू, तू बोलत बोलत जेवतेस ना माझ्याबरोबर, तेवढं बास आहे. पण हे तिथे सांगायचं कुणाला आणि कसं. आत्या म्हणाली, अगं म्हणायचं नुसतं. आत्ता म्हण, पुढचं पुढे. आणि मला ते म्हणता येईना. आईच्या पिंडापुढे उभं राहून आईशी खोटं बोलायचं, कशासाठी, तर एक पक्षी खाली यावा म्हणून. मी मान हलवली. नाही. आत्याचा चेहरा जो बदलला तो आजतागायत नीट झालेला नाही.

थोडा वेळ गेला. किती, ते मला सांगता येणार नाही, पण पुढचं कुटुंब आंघोळी करून पायरीवर कुडकुडत उभं होतं आणि त्यांच्यातलं एक लहान मूल रडत होतं, एवढं आठवतं. आत्याने उसासा टाकला आणि म्हणाली, आला नाही म्हणजे येत नाही आता. गुरुजींनी उपरण्याआड काड्या वळल्या. आणि इतका वेळ पुतळ्यासारखे उभे असलेले अण्णा एकदम बोलले. खणखणीत. “हा दर्भाचा आहे. कावळा आलेला नाही.” स्वतःच्या बायकोच्या दहाव्याला. आत्या रडायलाच लागली. माझ्या कानात ते वाक्य शिशासारखं शिरलं. मला वाटलं, ते मला सांगतायत. सगळ्यांसमोर, ओरडून, की बघ, तुझ्यामुळे. त्या दिवसापासून मी ते तसंच धरून चालले. आत्या तर प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत, पंगतीत शेजारी बसणाऱ्या कुणालाही सांगते, वहिनीला कावळा शिवला नाही, हिने शब्द दिला नाही म्हणून. मी हसून पुढचं वाढून घेते. हसते, पण आत जळत असते. अजून जळते. कुणीतरी आपल्यावर एक शिक्का मारावा आणि आपण तो पुसायला जावं तर हातच काळे व्हावेत, तसं चाललंय सगळं.

रात्री जेवताना मी अण्णांना ऑफिसमधलं सांगितलं. आता ते माझ्याकडेच असतात, गुडघे गेलेत, घाट सुटला, संध्याकाळी गॅलरीत बसून रस्ता बघतात. मला वाटलं होतं, निदान ते तरी चिडतील. त्यांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, टाक ना ओके. नोकरीत असं चालायचंच. मोठ्या लोकांशी वाकडं घेऊन तुला काय मिळणार, तुझ्या वयाला दुसरीकडे कोण घेणार, घराचे हप्ते आहेत. मी म्हटलं, अण्णा, ते खोटं आहे. ते म्हणाले, खोटं कुठे, आला नाही हे खरंच आहे ना. मी ताट उचलून आत गेले. भांडी इतक्या जोरात आपटली की खालच्यांनी वर पाहिलं असेल. मला कुणाचा राग आला होता ते कळेना. गौरांगचा, आत्याचा, का या म्हाताऱ्याचा, ज्याने आयुष्यभर घाटावर गळा फोडून खरं सांगितलं आणि घरात आल्यावर मला सांगतोय, टाक ओके.

सोमवारी नवमी. आई अण्णांच्या आधी गेली म्हणून तिचं पितृपक्षात नवमीला असतं, अविधवा नवमीला. आत्या सिन्नरहून सकाळच्या बसने आली, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या देत, डब्यात अळूवडीची पानं घेऊन. आली ती सरळ स्वयंपाकघरात. आत्याच्या हाताला चव आहे, हे मी नाकारत नाही. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. अण्णांनी पूजा केली, पान वाढलं, आणि कावळ्याचं पान घेऊन आम्ही तिघं गच्चीवर गेलो. कठड्यावर पान ठेवलं. ऊन चढलेलं होतं, पलीकडच्या इमारतीचं काम चाललेलं, कुठून तरी ड्रिलचा आवाज. कावळा नव्हता. हल्ली इंदिरानगरात कावळे असतात कुठे. पाण्याच्या टाकीवर कबुतरं होती, शंभर. आम्ही उभे राहिलो. अण्णांना मी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. खिशात फोन थरथरला, गौरांगचा मेसेज, ‘वाट बघतोय’. मी फोन परत ठेवला.

आत्या पदराने घाम पुसत म्हणाली, दरवर्षी हेच. वहिनीचं मन शांत नाही, दुसरं काय. आणि माझ्याकडे न बघता, पिशवीची घडी घालत, तेच म्हणाली, “आला नाही म्हणजे येत नाही. चला जेवायला.”

आणि मला एकदम सगळं दिसलं. म्हणजे नवीन काही नाही, गेले चार दिवस मी जे गौरांगला मनातल्या मनात ओरडून सांगत होते तेच. “आत्या,” मी म्हटलं, “त्या दिवशी आपण किती वेळ बघितलं होतं?” ती म्हणाली, कुठल्या दिवशी. मी म्हटलं, दहाव्याला. आपल्यामागे ते लोक कुडकुडत होते, ते पोर रडत होतं. त्यांची पाळी होती म्हणून आपण थांबलो. आपण गेल्यावर तो कावळा खाली उतरला असेल, नसेल. तू बघितलंस? मी बघितलं? कुणी बघितलं नाही. जेमतेम अर्धा तास उभे राहिलो असू, आणि तेवढ्यावर तू माझ्यावर जन्माचा शिक्का मारलास. आत्या म्हणाली, असं कसं बोलतेस गं, आजच्या दिवशी. मी म्हटलं, बोलणारच. आई माझ्यावर रुसून गेलेली नाही. तिने मला स्वतः सांगितलं होतं, नको करू लग्न. ते मी त्या दिवशी बोलले नाही कारण ते आमच्या दोघींचं होतं, कावळ्याला द्यायचं नव्हतं. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. पलीकडच्या इमारतीवरचं ड्रिल नेमकं तेव्हाच थांबलं आणि त्यावरचे दोघं मजूर आमच्याकडे बघायला लागले. बघू देत.

मग मी अण्णांकडे वळले. हे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. “अण्णा, त्या दिवशी तुम्ही एवढ्या मोठ्याने का सांगितलंत? दर्भाचा आहे म्हणून. मला ऐकवायला?”

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच विचारलंय. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. त्यांनी गुडघा चोळला, कठड्यावरच्या पानाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “कावळा आला नव्हता म्हणून.”

एवढंच. मी वाट पाहिली, पण पुढे काही आलं नाही. पुढे काही नव्हतंच. तुझ्यामुळे नव्हतं, तिच्यामुळे नव्हतं, रागाने नव्हतं. आला नव्हता, म्हणून आला नाही असं सांगितलं, आणि काड्या होत्या, म्हणून काड्या आहेत असं सांगितलं. कशामुळे आला नाही आणि पुढे येईल की नाही, याबद्दल त्या माणसाने घाटावर उभ्या हयातीत एक अक्षर काढलेलं नव्हतं. बाकीचं सगळं आम्ही लावलेलं. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं असावं, कारण ते हळूच म्हणाले, तुझ्या त्या साहेबाचा फोन यायचा होता ना. मी हो म्हटलं. आमटी भुरकताना जे बोलले होते ते पुन्हा नाही बोलले.

फोन वाजलाच. गौरांग. आवाजात घाई. यशश्री, काय ठरलं, त्यांना पाठवायचंय. मी तिथेच, त्या दोघांसमोर बोलले. “गौरांग, मी पाच तुकडे बघितलेत. त्याच्या पुढचं मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. माझी दोन्ही वाक्यं राहतील आणि दोरीची ओळ राहील. नाहीतर माझं नाव काढ.” मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, नाव काढलं तर पुढे काय होईल ते कळतंय ना तुम्हाला. मी म्हटलं, कळतंय. आणि ज्याचं नाव घालशील त्याला विचार, त्याने किती वेळ बघितलं. मला पुढेमागे कुणी विचारलं, मुंबईहून विचारलं, कुठूनही विचारलं, तर मी हेच सांगणार आहे. तो म्हणाला, मग उद्या येऊन कार्ड आणि लॅपटॉप जमा करा. वाईट वाटत होतं त्याला, खरंच. मी म्हटलं, येते. फोन ठेवला. हप्ते डोळ्यांपुढे आले, थंड खोलीतली ती घूं घूं कानात आली, आणि अर्धं अंग बाहेर काढून पुन्हा आत गेलेला तो रेणू. तो कधीतरी बाहेर येईल. किंवा नाही येणार. मी ते पाहणार नाही, पण मी पाहिलं नाही हे तरी माझं मला सांगता येईल. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी माझी मान कित्येक वर्षांत नव्हती इतकी ताठ होती.

आत्या हबकली होती. नोकरी सोडलीस, तिने विचारलं. मी म्हटलं, सुटली. ती अण्णांकडे बघून म्हणाली, दादा, तू तरी बोल काही. अण्णांनी हातातली काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मी टाकीच्या सावलीत, जमिनीवरच बसले, कठड्यावरचं पान दिसेल अशी. आत्या म्हणाली, आता काय इथे बसणार, जेवण गार होतंय. मी म्हटलं, होऊ दे. आज माझ्यामागे कुणाची पाळी नाही.

तेवढ्यात टाकीवरून पंख फडफडले आणि काहीतरी करड्या रंगाचं कठड्यावर उतरलं. पानाजवळ गेलं, मान तिरकी केली, भातात चोच घातली. आत्याने पटकन हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख पसरलं की मला क्षणभर तिची दया आली. तिचंही काही माझ्याशी वैर नाही, तिला फक्त हे संपवायचं होतं. “शिवला बाई,” ती म्हणाली, “झालं. सुटली वहिनी. चला.”

अण्णांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन अंग पुढे केलं आणि घाटावरच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात, पलीकडच्या मजुरांनाही ऐकू जाईल असं, म्हणाले, “ते कबुतर आहे, गोदे.”

मग त्यांनी काठीने ते हाकललं, खुर्ची ओढत ओढत माझ्या शेजारी सावलीत आणली, आणि बसले.